ब्रह्मदेशाचे ऊ नू : लोकशाहीसाठी झिजलेला एक उपासक



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत आपण थोरामोठ्यांची चरित्रे वाचतो. तथागत, सम्राट अशोक, महात्मा फुले, माता रमाई आणि परमपूज्य बाबासाहेब यांची चरित्रे आपल्या घराघरांत पोहोचली आहेत, आणि ती पोहोचायलाच हवीत. यंदा मात्र एका अशा माणसाची ओळख करून द्यावीशी वाटते, ज्याचे नाव आपल्या वस्तीत फारसे घेतले जात नाही. ते नाव म्हणजे ब्रह्मदेशाचे पहिले पंतप्रधान ऊ नू.

कुणी म्हणेल, ब्रह्मदेशाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे पूज्य चंद्रमणी महास्थवीर मूळचे ब्रह्मदेशातल्या आराकान भागातले. पुण्याजवळ देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या हाताने जी बुद्धमूर्ती बसवली, ती रंगूनहून आणलेली. त्याच महिन्यात बाबासाहेब रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. तेव्हा त्या देशाचे पंतप्रधान होते ऊ नू. म्हणजे आपल्या धम्माच्या पुनरागमनाची एक वाट ब्रह्मदेशातून आलेली आहे. त्या देशात पुढे लोकशाहीचे काय झाले, हे आपल्याला माहीत असायला नको का?

ऊ नू यांचा जन्म २५ मे १९०७ चा, इरावती नदीच्या मुखाजवळच्या वाकेमा या गावचा. तो दिवस शनिवार होता. तिकडे कुठल्या वारी मूल जन्मले याला फार महत्त्व, आणि शनिवारचे मूल म्हणजे द्वाड, असा समज. नू यांनी तो समज लहानपणी खरा करून दाखवला. कोवळ्या वयातच ते दारूच्या नादी लागले होते. पण पोर वाया गेले, असे सगळे म्हणत असतानाच त्यांनी स्वतःला सावरले. दारू सोडली, अभ्यासाला लागले आणि १९२९ साली रंगून विद्यापीठाचे पदवीधर झाले. पंचशीलातले पाचवे शील त्यांच्यासाठी पाठ करण्यापुरते नव्हते, ते त्यांनी अंगावर घेतलेले होते.

पुढे पांतानाव नावाच्या गावी ते राष्ट्रीय शाळेत नोकरीला लागले. तिथे त्यांना जन्माचा मित्र मिळाला, ऊ थांट. हे ऊ थांट म्हणजे पुढे संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस झाले तेच. ('ऊ' हे नाव नव्हे. आपण आदराने 'राव' किंवा 'साहेब' लावतो तसे ते तिकडे नावाआधी लावतात.) नू यांना खरे तर लेखक व्हायचे होते. नाटके लिहावीत, पुस्तके लिहावीत, एवढीच त्यांची हौस. पण काळ इंग्रजांच्या राज्याचा होता. कायद्याचे शिक्षण घेण्यासाठी ते पुन्हा विद्यापीठात आले आणि विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. संघटनेच्या मासिकाचा संपादक होता आंग सान नावाचा एक किडकिडीत, अबोल मुलगा.

१९३६ साली नू यांनी विद्यापीठाच्या कारभारावर उघड टीका करणारे भाषण केले, म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. आंग सानच्या मासिकात एक झोंबणारा लेख आला होता. लेखकाचे नाव सांग, असे फर्मावले गेले. त्याने सांगितले नाही, म्हणून त्यालाही काढले. झाले! फेब्रुवारी महिन्यात सगळे विद्यार्थी परीक्षा सोडून बाहेर पडले आणि रंगूनच्या प्रसिद्ध श्वेडगोन पॅगोड्याच्या पायथ्याशी जाऊन बसले. अखेर सरकारला परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या आणि विद्यापीठाच्या कायद्याचा फेरविचार करावा लागला. सत्तेपुढे मान न झुकवता, दगड न मारता, एकत्र बसूनही काही मिळवता येते, हा धडा ब्रह्मदेशाच्या तरुणांनी तिथे गिरवला.

पुढे हे तरुण 'थाकिन' चळवळीत गेले. थाकिन म्हणजे मालक, धनी. हा शब्द तिथल्या लोकांनी इंग्रज साहेबांना लावायचा अशी रीत होती. या पोरांनी तो स्वतःच्या नावामागे लावला. या देशाचे मालक आम्ही, हे सांगायला याहून सोपा मार्ग कोणता? १९३७ साली नू आणि त्यांच्या सोबत्यांनी एक पुस्तक मंडळ काढले. जगातले नवे विचार स्वस्त पुस्तकांतून, आपल्या भाषेत लोकांना द्यायचे, हे त्याचे काम. शिकल्याशिवाय संघटन टिकत नाही, हे आपल्यालाही बाबासाहेबांनी शिकवले आहे. १९४० साली इंग्रजांनी नू यांना तुरुंगात टाकले. १९४२ मध्ये जपानी फौजा आल्यावर ते सुटले. जपान्यांच्या काळातल्या सरकारात ते मंत्रीही होते. परक्यांच्या हातून मिळालेले स्वातंत्र्य खरे नसते, हे त्यांनी त्या काळात जवळून पाहिले.

युद्ध संपल्यावर ब्रह्मदेशाचे नेतृत्व आंग सान यांच्याकडे आले. नू संविधान सभेचे अध्यक्ष झाले. त्यांचे मन मात्र पुन्हा लेखणीकडेच ओढ घेत होते. आणि १९ जुलै १९४७ चा दिवस उजाडला. बैठक चालू असताना बंदूकधारी आत घुसले आणि त्यांनी आंग सान यांच्यासह अनेक मंत्र्यांना गोळ्या घातल्या. आंग सान अवघे ३२ वर्षांचे होते. त्याच दिवशी इंग्रज गव्हर्नरने नू यांना सरकार बनवायला बोलावले. ज्याला नाटककार व्हायचे होते, त्याच्या खांद्यावर अख्खा देश येऊन पडला. ४ जानेवारी १९४८ रोजी पहाटे ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ नू पहिले पंतप्रधान झाले.

स्वातंत्र्याला तीन महिनेही झाले नव्हते, तोच कम्युनिस्टांनी बंड केले. पुढच्या वर्षी कारेन लोकांनी शस्त्र उचलले. एक वेळ अशी आली की सरकारची सत्ता रंगूनच्या वेशीपुरती उरली, असे लोक म्हणू लागले. अशा वेळी एखाद्याने निवडणुकाच गुंडाळून ठेवल्या असत्या. नू यांनी तसे केले नाही. १९५१-५२ मध्ये निवडणुका घेतल्या, १९५६ मध्ये पुन्हा घेतल्या. दुसऱ्या खेपेला विरोधी पक्षांच्या जागा वाढल्या. तरी विरोधक संसदेत बोलत होते, वर्तमानपत्रे सरकारला झोडपत होती, आणि पंतप्रधान ते वाचत होते.

याच काळात, १९५४ ते १९५६ मध्ये, नू यांच्या पुढाकाराने रंगूनला सहावी धम्मसंगीती भरली. त्यासाठी डोंगरातल्या लेण्यासारखे एक प्रचंड सभागृह उभारले गेले. देशोदेशीच्या भिक्खूंनी तिपिटक तपासून शुद्ध केले, आणि तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या २५०० व्या वर्षी संगीतीची सांगता झाली. नू स्वतः मधूनमधून चीवर धारण करून विहारात राहत, ध्यान करीत आणि परत येऊन फाइली बघत.

इथपर्यंतची कथा गोड आहे. आता पुढची ऐका. ती कडू आहे, पण आपल्या कामाची तीच आहे.

१९५८ साली त्यांच्याच पक्षात उभी फूट पडली. जुने सोबती समोरच्या बाकावर जाऊन बसले. जून महिन्यात अविश्वासाचा ठराव आला आणि नू अवघ्या आठ मतांनी वाचले. गावोगावी दोन्ही गटांची माणसे एकमेकांवर उठली. लष्करात चुळबुळ सुरू झाली. सप्टेंबरमध्ये नू यांनी रेडिओवरून जाहीर केले की, सेनापती ने विन यांना काळजीवाहू सरकार बनवायला आपण बोलावत आहोत. लष्कराच्या दबावामुळे त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, असे पुष्कळ जण मानतात. काही असो, संसदेने ने विन यांना रीतसर पंतप्रधान निवडले. सहा महिन्यांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा संसदेनेच घटनेत दुरुस्ती करून ती वाढवून दिली.

लष्करी सरकारने काय केले? रस्ते झाडून घेतले. भाव आटोक्यात आणले. रंगूनमधल्या झोपडपट्ट्या उठवून माणसे शहराबाहेर नव्या वसाहतींत नेऊन टाकली. पांढरपेशा लोकांना वाटले, वा, हे बरे! पुढाऱ्यांच्या भांडणापेक्षा गणवेशातला माणूस चांगला. ज्यांची झोपडी उठली त्यांना काय वाटले, हे कुणी विचारले नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरावर कधी बुलडोझर आला असेल, त्यांना ते सांगायला नको.

फेब्रुवारी १९६० मध्ये निवडणूक झाली. लष्कराचा कल दुसऱ्या गटाकडे होता. पण लोकांनी नू यांना प्रचंड बहुमताने निवडून दिले. त्यांच्या पक्षाच्या मतपेट्यांचा रंग पिवळा होता, चीवराच्या रंगाशी मिळता, आणि त्यांच्यावर नू यांचे चित्र होते. ने विन यांनी सत्ता परत दिली. जगभर त्यांची वाहवा झाली. बंधूंनो, नेमकी इथेच लोकांची चूक झाली. ज्याने एकदा किल्ली परत दिली तो पुन्हाही देईल, असे सगळे धरून चालले. पण एकदा किल्ली हातात आली की कुलूप कसे उघडते ते कळते. पुढच्या वेळी मागावी लागत नाही.

नू यांच्याही हातून एक मोठी चूक झाली, ती झाकून ठेवणे बरोबर नाही. ऑगस्ट १९६१ मध्ये त्यांनी घटनादुरुस्ती करून बौद्ध धम्माला राज्याचा धर्म केले. निवडणुकीत तसे वचन त्यांनी दिले होते. आपल्याला वरवर वाटेल, यात काय वाईट? आपलाच तर धम्म! पण त्या देशात काचिन, चिन, कारेन यांच्यातले पुष्कळ लोक ख्रिस्ती होते, मुसलमान होते. त्यांना वाटले, आपण या देशात पाहुणे झालो. नू यांनी घाईने दुसरी दुरुस्ती करून इतर धर्मांना संरक्षण दिले, तर काही भिक्खूच त्यांच्यावर रागावले. दोन्हीकडून बोल लागला. ज्या धम्माने कुणावर सक्ती केली नाही, त्याला सरकारी शिक्क्याची गरज नव्हती. बाबासाहेबांनी ज्या घटनेचा मसुदा तयार केला तिने कुठलाच धर्म राज्याचा केला नाही, हे किती शहाणपणाचे होते ते ब्रह्मदेशाकडे पाहिले की कळते.

२ मार्च १९६२ च्या पहाटे रणगाडे रंगूनच्या रस्त्यांवर आले. त्या दिवसांत शान आणि इतर प्रांतांचे नेते जास्त अधिकारांची मागणी घेऊन रंगूनला चर्चेला आले होते. देश फुटतो आहे, असे कारण लष्कराने सांगितले. पंतप्रधान नू, त्यांचे मंत्री आणि देशाचे सरन्यायाधीशसुद्धा पकडले गेले. पहिले राष्ट्राध्यक्ष साओ श्वे थाइक त्याच वर्षी कैदेत मरण पावले. संसद गेली, घटना गेली. जुलैमध्ये विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळ्या झाडल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थी संघटनेची इमारत सुरुंग लावून उडवली. जिथून १९३६ चा संप उभा राहिला, तीच ही इमारत. १९६४ मध्ये एक सोडून सगळ्या पक्षांवर बंदी आली. खासगी वर्तमानपत्रे एकेक करून बंद पडली नाहीतर सरकारजमा झाली. दुकानेही सरकारने ताब्यात घेतली आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली भारतीय वंशाची कुटुंबे मोठ्या संख्येने रिकाम्या हाताने इकडे परतली.

नू चार वर्षांहून अधिक काळ खटल्याशिवाय कैदेत होते. १९६६ च्या ऑक्टोबरमध्ये ते सुटले. १९६८ च्या अखेरीस ने विन यांनी जुन्या ३३ पुढाऱ्यांचे एक सल्लागार मंडळ नेमले आणि देशाच्या एकीसाठी सल्ला मागितला. आता विचार करा, कैदेतून सुटलेला माणूस काय करील? गोड बोलेल, एखादे पद पदरात पाडून घेईल. नू यांनी सल्ला दिला तो असा की, बरखास्त केलेली संसद पुन्हा बोलवा आणि सत्ता कायदेशीर मार्गाने परत करा. तो अर्थातच फेटाळला गेला.

१९६९ मध्ये औषधोपचार आणि बौद्ध तीर्थयात्रा या कारणाने ते देशाबाहेर पडले आणि भारतात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लंडनला त्यांनी जाहीर केले की, लोकांनी निवडलेला पंतप्रधान आपणच आहोत आणि लोकशाही परत आणण्यासाठी लढणार आहोत. थायलंडच्या सीमेवर राहून त्यांनी पक्ष बांधला, कारेन आणि मोन बंडखोरांशी हातमिळवणी केली, शस्त्रेसुद्धा जमवली. अहिंसेचे शील घेतलेल्या माणसाने बंदुकीचा मार्ग धरावा, हे वाचून आपण थबकतो. सर्व दारे बंद झाली म्हणून त्यांनी ते केले, हे समजते. पण ते फळाला आले नाही, हेही खरे. अल्पसंख्य जमातींना फुटून निघण्याचा हक्क द्यावा की नाही यावरून सोबत्यांत मतभेद झाले, आणि १९७२ मध्ये त्यांनी ते नेतृत्व सोडले. पुढे भारत सरकारने त्यांना आसरा दिला आणि १९७४ पासून ते भोपाळला राहू लागले. आपल्या देशातली १९७५-७७ ची आणीबाणी याच मुक्कामात आली आणि मतपेटीतून गेली. ब्रह्मदेशात मतपेटीतून सरकार घालवण्याची सोय उरली नव्हती.

ते भोपाळला असतानाच १९७४ च्या नोव्हेंबरमध्ये ऊ थांट वारले. त्यांचे पार्थिव रंगूनला आणले, तर सरकारने कुठलाही मान दिला नाही. तेव्हा विद्यार्थ्यांनी शवपेटी उचलली आणि उद्ध्वस्त केलेल्या त्या विद्यार्थी संघटनेच्या जागेवर नेऊन ऊ थांट यांना मूठमाती दिली. लष्कराने तिथेही घुसून पार्थिव काढून नेले. पांतानावच्या शाळेतल्या मित्राच्या अंत्ययात्रेला नू जाऊ शकले नाहीत.

१९८० मध्ये माफी जाहीर झाली आणि ते मायदेशी परतले. उरलेले आयुष्य धम्मग्रंथांच्या भाषांतराला द्यायचे, असे त्यांनी ठरवले होते. वय त्र्याहत्तर. आता कुणी त्यांना दोष दिला नसता. पण १९८७ मध्ये सरकारने एका फटक्यात चलनातल्या बहुतेक मोठ्या नोटा रद्द केल्या, गरिबाची गाठीची पुंजी कागद झाली. ८ ऑगस्ट १९८८ रोजी विद्यार्थी, कामगार, भिक्खू, गृहिणी, सगळे रस्त्यावर आले. गोळीबारात हजारो बळी गेल्याचे सांगतात. एक्क्याऐंशी वर्षांचे नू पुन्हा उठले. त्यांनी पक्ष काढला आणि सप्टेंबरमध्ये पर्यायी सरकार जाहीर केले. आंग सान यांची कन्या आंग सान सू ची आणि इतर नेत्यांना ते पटले नाही. लोकांना विचारल्याशिवाय सरकार कसे बनवायचे, असा त्यांचा रास्त प्रश्न होता. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचा कौल नव्या पिढीला पुरत नाही, हे नू यांच्या ध्यानात आले नाही. १८ सप्टेंबरला लष्कराने पुन्हा सत्ता घेतली.

पर्यायी सरकार मोडून टाका, असा हुकूम आला. नू यांनी नकार दिला. डिसेंबर १९८९ मध्ये त्यांना घरातच स्थानबद्ध केले. मे १९९० मध्ये निवडणूक झाली, सू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने सत्ता दिली नाही. नू यांची स्थानबद्धता १९९२ मध्ये उठली. पुढच्या वर्षी जन्माची सोबतीण दॉ म्या यी गेल्या, आणि १४ फेब्रुवारी १९९५ रोजी, ८७ व्या वर्षी, नू यांनीही रंगूनमध्ये डोळे मिटले. त्या देशाने पुढे २०१५ मध्ये पुन्हा मतदान करून लोकांचे सरकार आणले आणि १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने तेही उलथवले. ऊ नू यांचे काम अपुरे राहिले, ते असे.

मग या चरित्रातून आपण काय घ्यायचे? नू हरले, असे म्हणून पान उलटायचे का? मला तसे वाटत नाही. त्यांनी चुका केल्या. विरोधक झालेल्या मित्रांशी भांडण मिटेना तेव्हा तिसऱ्याच्या हाती किल्ली दिली, राज्याला धर्माचा शिक्का मारला, बंदूक धरून पाहिली. पण एक गोष्ट त्यांनी कधीच केली नाही. लोकांनी न दिलेल्या सत्तेला त्यांनी सत्ता म्हटले नाही. कैदेतही नाही, परदेशातही नाही, म्हातारपणीही नाही.

बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत इशारा दिला होता की, कितीही मोठा माणूस असो, आपले स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. त्याच भाषणात त्यांनी याचीही आठवण करून दिली की, भिक्खू संघाला सभेचे नियम, ठराव, मतदान हे सगळे ठाऊक होते. तथागतांनी वज्जींबद्दल जे सांगितले ते आपण जाणतोच. जोवर ते वारंवार एकत्र जमतात, एकोप्याने बसतात आणि एकोप्याने उठतात, तोवर त्यांची हानी होणार नाही. राजा कसा आहे, यावर तथागतांनी वज्जींचे भवितव्य टांगले नाही. लोक जमतात की नाही, यावर टांगले.

आता आपल्या विहाराकडे बघू या. वार्षिक सभेला किती जण येतात? हिशेब वाचला जातो तेव्हा प्रश्न कोण विचारते? विचारणाऱ्याला आपण भांडखोर म्हणतो की आभार मानतो? महिला मंडळाच्या भगिनींनी मांडलेला ठराव नीट ऐकला जातो का? वॉर्डाच्या मतदार यादीत आपल्या तरुण पोरापोरींची नावे आहेत का? या बारीकसारीक गोष्टी वाटतात, पण लोकशाहीची सवय इथेच लागते आणि इथेच मोडते. एकट्या चांगल्या माणसावर सगळे सोपवून आपण घरी टीव्ही पाहत बसलो, तर त्या चांगल्या माणसाचाही ऊ नू होतो. सोबत कुणी नसले की किल्ली कुणाच्या हाती जाईल, हे त्याच्याही हातात राहत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी देहूरोडला जाल, तेव्हा त्या मूर्तीसमोर वंदना झाल्यावर एक क्षण ब्रह्मदेशाच्या लोकांनाही आठवा. ज्यांच्याकडून आपल्याला दीक्षा मिळाली, मूर्ती मिळाली, त्यांच्यासाठी एवढी मैत्री भावना आपल्याकडून जायला हवी. आणि घरी परतल्यावर विहाराच्या पुढच्या सभेची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा.